लाकडी वस्तू

मामा आला तो दावा ठोकायचा म्हणूनच. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यानं ते सांगून टाकलं.

"बोटवाल्यांनी माझा माल पाण्यात घातला. भर समुद्रात! विचारलं नाही, पुसलं नाही. अख्खा कंटेनर पाण्यानं भरून टाकला. खेच त्यांना कोर्टात."

त्याच्या या भाचीला घरची माणसं सोडली तर सगळे वकीलबाई म्हणत. बोटीनं जाणाऱ्या मालाचे तंटे सोडवणं हेच तिचं काम. भिजलेला माल, कुजलेला माल, वाटेत गायब झालेला माल, सगळं तिच्या टेबलावरून गेलं होतं. घरच्या माणसाचं काम कधी घेऊ नये, असं तिच्या सीनियरनं तिला सुरुवातीलाच बजावलं होतं. पण मामाचं काम घ्यावं लागत नसे. मामा स्वतःच येऊन बसत असे आणि चहा मागवत असे.

शहराबाहेर मामाच्या कोळशाच्या भट्ट्या होत्या. सुट्टीच्या दिवशी बागेत शेगडी पेटवून जेवणारी जी माणसं समुद्रापलीकडे राहतात, त्यांच्यासाठी तो लाकडी कोळसा पाठवायचा. धंदा छोटा, पण मामाचा रुबाब कारखानदाराचा.

"त्यांनी काही लेखी दिलंय?" तिनं विचारलं.

"दिलंय ना. कबुलीच दिलीय." मामानं पिशवीतून एक लिफाफा काढून ऐटीत तिच्यासमोर टाकला. "वाच. 'आम्ही सदर कंटेनरमध्ये पाणी सोडले.' स्वतःच्या तोंडानं!"

वकीलबाईनं पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मामा, दुसरं पान वाचलंस?"

"दुसऱ्या पानावर काय असणार? सही-शिक्का."

"ही कबुली नाही. ही तुला आलेली नोटीस आहे."

तिनं त्याला दुसरं पान सोप्या भाषेत सांगितलं. डेकवर एका कंटेनरमधून धूर येऊ लागला. कप्तानानं कागद पाहिले. कागदावर माल लिहिला होता 'लाकडी वस्तू'. खुर्च्या-बिर्च्या असतील, कुठेतरी ठिणगी पडली असेल, अशा समजुतीनं डेकवरच्या खलाशांचा मुकादम पाण्याचा पाइप घेऊन गेला आणि त्यानं दार उघडलं. आतला कोळसा आतल्या आत धुमसत होता. दारातून वारा मिळताच त्याचा भडका उडाला आणि तो त्या माणसाच्या तोंडावर आला. गाल आणि मान भाजली, गरम धूर छातीत गेला. शेजारचे दोन कंटेनर पेटले. तेव्हा कुठे त्यांनी भोक पाडून आत पाणी सोडलं.

"अरेरे," मामा म्हणाला. मनापासून म्हणाला. मग लगेच, "पण पोतं पाण्यानं भिजलं की कोळसा गेलाच की गं. त्याची भरपाई?"

वकीलबाईनं कपाळाला हात लावला.

"मामा, नीट ऐक. कोळसा बोटीवर धोकादायक मालात मोडतो. आपणहून तापतो, आपणहून पेटतो. असा माल बोटवाल्याला न सांगता चढवला, तर तो त्यानं बुडवावा, फेकावा, नाहीतर वाटेत उतरवून ठेवावा. तुला विचारायची गरज नाही आणि एक पैसा द्यायची गरज नाही. उलट त्या मालापायी जे जे नुकसान झालं, ते सगळं पाठवणाऱ्याच्या माथ्यावर. बोट, शेजारचे कंटेनर, तो माणूस. सगळं."

"पण कोळसा आपणहून पेटतो हे मला कुठे माहीत होतं?"

"माहीत असो की नसो."

"हा कसला कायदा? खुनाच्या खटल्यातसुद्धा हेतू बघतात!"

"बघतात. इथे नाही बघत. भट्टी तुझी, पोती तुझी. आत काय आहे ते तुला कळायला हवं. कप्तान काय एकेक पोतं हुंगत बसणार?"

"आणि लाकडी वस्तू म्हणजे खोटं कुठे आहे? कोळसा काय लोखंडाचा करतात?"

हे त्यानं इतक्या भाबडेपणानं विचारलं, की हसावं की त्याला खिडकीतून ढकलून द्यावं, हे तिला क्षणभर कळेना.

"हे शब्द कुणी सुचवले?"

"एजंटानं. चांगला माणूस आहे. कधी नाही म्हणत नाही."

तो एजंट गोदीच्या परिसरात 'होऊन जाईल' या नावानंच ओळखला जायचा. जागा नाही? होऊन जाईल. कागद अपुरे? होऊन जाईल. मामानं तिथूनच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"काका! अजिबात काळजी करू नका. होऊन जाईल."

"मी त्यांची भाची बोलतेय, वकील आहे," ती म्हणाली. "कोळशाला लाकडी वस्तू तुम्ही लिहायला सांगितलंत?"

"मॅडम, कोळसा लिहिला की तपासणीचा दाखला मागतात, बोटीवर वेगळी जागा मागतात. कोण एवढं करत बसणार? सगळेच असं लिहितात."

"हे कोर्टात सांगाल?"

"मी सुचवलं असं मी म्हटलंच नाही मॅडम. सही काकांची आहे. हॅलो? आवाज कटतोय तुमचा. हॅलो?"

आवाज अजिबात कटत नव्हता. फोन कटला.

"बघ," ती म्हणाली, "हात झटकले ना? आता तू काय करायचंस, तर कुणाशीही एक अक्षर बोलायचं नाही. कंपनीचा माणूस आला तरी नाही, विम्याचा आला तरी नाही. जे बोलायचं ते मी बोलेन."

"बरं," मामा म्हणाला. पण गप्प बसणं त्याच्या पिंडातच नव्हतं. चहाचा घोट घेऊन त्यानं टेबलावर बोट आपटलं. "तरी एक मुद्दा माझ्या बाजूचा आहे, तो तू लिहून घे. दोष मालाचा नाहीच. त्याच भट्टीतला, त्याच खेपेतला दुसरा कंटेनर दुसऱ्या बोटीवर मजेत चाललाय. पेटला का तो? नाही! म्हणजे चूक त्या कप्तानाची."

वकीलबाईचा हात कपावरच थांबला.

"दुसरा कंटेनर?"

"हो. परवाच निघाली ती बोट."

"तोच कोळसा?"

"तोच म्हणतोय ना मी. हाच तर पुरावा."

"आणि कागदावर?"

मामानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला साधी गोष्ट कळत नाही. "लाकडी वस्तू."

ती उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते आणि एक माणूस 'येऊ दे, येऊ दे' म्हणत हात हलवत होता. तिला वाटलं, आपणही इतकी वर्षं हेच करतोय. लोक नुकसान करून येतात, आणि आपण येऊ दे, येऊ दे म्हणतो. ती वळली.

"फोन कर. त्या कंपनीला सांग, तुमच्या बोटीवरच्या अमुक कंटेनरमध्ये कोळसा आहे. दार उघडू नका."

मामाचं तोंड उघडंच राहिलं. "तूच आत्ता म्हणालीस, एक अक्षर बोलू नकोस!"

"ते पहिल्या बोटीचं. तिथे व्हायचं ते होऊन गेलं. इथे अजून व्हायचंय."

"म्हणजे मी आपणहून फास गळ्यात अडकवून घेऊ? उद्या तेच कोर्टात दाखवतील."

"दाखवतील. नक्की दाखवतील. तुझी बाजू आणखी लंगडी होईल, हे मी तुला वकील म्हणून सांगते. पण सकाळपर्यंत तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माहीत असून गप्प बसलास आणि तिकडे कुणी मेलं, तर मामला भरपाईवर भागणार नाही मामा. मग तुरुंग आहे."

"मरेल कशाला कुणी? तू पण ना, लहानपणापासून अशीच. पाल चुकचुकली की घर सोडायचं."

तो 'विचार करतो' म्हणत उठला. ती त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली. "दुपारपर्यंत कर. नाहीतर मी करेन. माणसांच्या जिवावर बेतत असेल तर वकिलानंही तोंड बंद ठेवायचं नसतं."

"सख्ख्या मामाविरुद्ध?" एवढं बोलून मामा गेला.

तो पोचायच्या आधी त्याचा निरोप तिच्या आईपर्यंत पोचला. फोन वाजला.

"अगं, माझा एकुलता एक भाऊ आहे तो. तुरुंगात टाकतेस म्हणे?"

"आई, मी कुणालाही टाकत नाहीये. त्याला एक फोन करायला सांगतेय."

"मग तो एवढा का घाबरलाय? जरा गोड बोलावं माणसानं. कोळसा तर आहे. बाँब आहे का तो?"

"आई, बाँब परवडला. बाँबवर बाँब असं लिहिलेलं असतं."

आईनं रुसून फोन ठेवला, नेहमीसारखा. वकीलबाईनं दुसऱ्या बोटीच्या कंपनीचा नंबर शोधून लावला. एक यंत्र बोललं, मग संगीत, मग एक मुलगी. कंटेनरचा नंबर? तो मामाकडे. एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, "बघून सांगतो मॅडम, होऊन जाईल," आणि त्यानंतर त्यानं फोन उचललाच नाही. दुपार सरली. मामाचा फोन बंद. शेवटी तिनं गाडी काढली आणि थेट भट्ट्या गाठल्या.

फाटकातून आत शिरल्यावर घशाला चरचर लागली. भट्ट्या मातीनं लिंपलेल्या, रांगेत, बुटक्या. पत्र्याच्या शेडखाली पोती भरायचं काम चालू होतं. मामी डोक्याला फडकं बांधून काट्यापाशी उभी होती. भट्ट्यांचा धंदा मामाच्या नावावर होता आणि चालत मामीच्या जिवावर होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मामालाही.

"ये गं," मामी म्हणाली. "हे आल्यापासून तोंड लपवून बसलेत. काय केलंस तू त्यांचं?"

"मामी, त्यानं तुला काही सांगितलं नाही?"

"म्हणाले, बोटवाल्यांनी माल भिजवला, भाची वसूल करून देणार."

वकीलबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुकादमाच्या तोंडाचं सांगितलं तेव्हा मामीनं काटा सोडला. दुसऱ्या बोटीचं सांगितलं तेव्हा ती शेडमधल्या बाकावर बसली.

"तिकडचे पण दार उघडतील?"

"धूर दिसला तर उघडतील. कागद वाचून कोणीही उघडेल."

मामीनं काळे पडलेले तळवे पदराला पुसले. "मोकळ्या हवेत पंधरा दिवस पसरून ठेवायचा असतो कोळसा. तेवढा वेळच दिला नाही त्यांनी. तारीख चुकेल, तारीख चुकेल. मी म्हटलं होतं, पोतं मधून हाताला ऊन लागतंय. म्हणाले, वाटेत निवेल. समुद्रावर गार वारा असतो."

वकीलबाईला ओरडावंसं वाटलं. पत्र्याच्या बंद डब्यात कुठून येणार गार वारा? पण ओरडण्यात काय हशील होतं?

मामी उठली. शेडच्या मागे एक खोली होती, तिच्या दाराला तिनं धक्का दिला. आत मामा खाटेवर बसून पंख्याकडे बघत होता.

"अहो, फोन तुम्ही लावता की मी लावू?"

"तू यात पडू नकोस."

"मी लावला तर पोती ऊन असताना भरली, हेही सांगेन."

"ते कशाला सांगायचं?" मामा ओरडला.

"ऊन होती म्हणून!"

मामानं भाचीकडे पाहिलं, बहुधा मदतीसाठी. मदत मिळेना तेव्हा त्यानं खिशातून फोन काढला, सुरू केला. आणि मग तो प्रकार सुरू झाला ज्यानं वकीलबाईचं उरलंसुरलं डोकं फिरलं.

यंत्र म्हणालं, नव्या बुकिंगसाठी एक दाबा. मामानं एक दाबलं. "तुम्ही कुठला माल पाठवू इच्छिता?" असं एका तरुणानं विचारलं. मामा म्हणाला, "पाठवलाय. म्हणजे लाकडी वस्तू पाठवल्यात. पण त्या लाकडी वस्तू नाहीत. म्हणजे आहेत, पण जळालेल्या."

"माल जळालेला मिळाल्याची तक्रार आहे का सर? तीन दाबा."

"मिळाला नाही अजून! अर्धवट जाळूनच पाठवतो आम्ही तो!"

वकीलबाईनं फोन ओढून घेतला. आपण कोण, काय आणि कशासाठी, हे तिनं सांगितलं. तरुण म्हणाला, मेल पाठवा, कामाच्या दोन दिवसांत उत्तर येईल. ती म्हणाली, दोन दिवसांत तुमच्या बोटीवर आग लागेल, तिला पण मेलनंच उत्तर देणार का? तो म्हणाला, मॅडम, आवाज चढवू नका. ती म्हणाली, तुमचं नाव सांगा, उद्या कोर्टात पहिला साक्षीदार तुम्हीच. त्यानं लाइन जोडून दिली.

पलीकडे एक बाई होती. वयस्कर आवाज, एकदम शांत. तिनं एवढंच विचारलं, "कंटेनरचा नंबर?" मामीनं कपाटातून पावती आणून वाचून दाखवली. "माल कधी भरला? भरताना गरम होता?" मामी म्हणाली, "होता." मग ती बाई म्हणाली, "कप्तानाला आत्ताच कळवते. तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण हे बोलणं रेकॉर्ड होतंय, हे तुम्हाला सांगायला हवं."

मामानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. तो कंटेनर खरोखरच तापला होता. हात लावता येईना इतकी एक बाजू गरम. धूर अजून निघाला नव्हता. कुणीही दाराला हात लावला नाही. बाहेरून पाणी मारत त्यांनी बोट जवळच्या बंदराकडे वळवली, तिथे डबा धक्क्यावर उतरवला, भोक पाडून पाण्यानं भरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आईनं फोन करून विचारलं, "म्हणजे आता सगळं मिटलं ना?"

मिटायचं कुठलं? दुसऱ्या कंपनीनंही नोटीस पाठवली. बोट वळवल्याचा खर्च, उशिराचा खर्च, डबा उतरवल्याचा खर्च. आणि पहिल्या कंपनीच्या वकिलानं त्या फोनची नक्कल मिळवून आपल्या कागदांना जोडली. तो मऊ आवाजाचा, नीटनेटका माणूस होता. वकीलबाई त्याला कितीतरी वर्षं ओळखत होती.

"तुमच्या अशिलानं सांगितलं ते कौतुकास्पदच आहे," तो म्हणाला. "पण कौतुकानं बोटीचा रंग परत येत नाही."

"सांगितल्याबद्दल काहीतरी सूट मिळायला हवी," मामा भाचीला म्हणाला.

"दुसऱ्या बोटीवर आग लागली नाही. हीच सूट."

"ही कसली सूट? न झालेल्या गोष्टीची?"

तिनं हे त्याला ऑफिसात, गाडीत आणि भट्टीवर, प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मामी म्हणाली, "तू आपली कागद कर. ह्यांचं मी बघते."

वकीलबाईनं जे हाती होतं ते केलं. एजंटालाही खेचलं. तो पहिल्यांदाच म्हणाला, "असं कसं होईल?" मामीनं दोन भट्ट्या आणि मागची जमीन विकायचं ठरवलं, मामाला न विचारता. तडजोडीची बैठक ठरली.

बैठकीची खोली एका जुन्या इमारतीत वर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बंद न होणारी खिडकी. मऊ आवाजाच्या वकिलाशेजारी एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. गालापासून कॉलरपर्यंत कातडी गुलाबी आणि ताणलेली. मध्येच तो खोकायचा, आणि खोकून झाल्यावर थोडा वेळ श्वास जमवत बसायचा. तो कोण हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

मामानं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि काय काय बोलायचं ते पाठ करून आला होता. सूट, हेतू, लोखंडाचा कोळसा, सगळं. त्यातलं एकही वाक्य तो बोलला नाही. कागद फिरले, सह्या झाल्या. मामाची बाटली न उघडताच तशीच राहिली.

सगळे उठायला लागले तेव्हा मामा अचानक त्या माणसाला म्हणाला, "ते लाकडी वस्तू मीच लिहिलं होतं. एजंटानं सांगितलं, पण लिहिलं मी."

"माहीत आहे," तो मुकादम म्हणाला. त्याचा आवाज घासल्यासारखा होता. "कोळसा लिहिला असता तर मी दाराला हात लावला नसता. आम्हाला शिकवतात ते."

"हो," मामा म्हणाला.

मुकादमानं आपली टोपी उचलली. रागावलाय की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती कातडी फारशी हलतच नव्हती.

जिन्यावरून उतरताना मामा मागे राहिला. मामी आणि वकीलबाई खाली पोचल्या, वळून पाहिलं, तर तो मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभा.

"आता काय?" वकीलबाईनं विचारलं. तिचा आवाज तिला नको होता तेवढा चिडका निघाला. मामा आता सूट काढणार, नाहीतर अपिलाचं विचारणार, याची तिला खात्री होती.

"त्याची छाती बरी होणार का?"

ती गोंधळली. तिच्याकडे त्याच्या छातीचे सगळे रिपोर्ट होते. तिनं त्यावर वाद घातला होता, भरपाईचा आकडा खाली आणला होता. पण हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता.

"मला माहीत नाही, मामा."

"मग विचारायचं कुणाला?"

"त्यालाच. दुसरं कुणाला?"

मामानं मान हलवली. एक पायरी वर चढला, थांबला, पुन्हा चढला. वरच्या मजल्यावरून खोकल्याचा आवाज येत होता.

"आता तिथे जाऊन काहीतरी भलतंच बोलून येतील," मामी पुटपुटली.

"येऊ दे बोलून," वकीलबाई म्हणाली, आणि दोघी भिंतीला टेकून त्याची वाट बघत राहिल्या.